आण घ्यायच्या राहिलेल्या दोघी

पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांपुढे एक दावा चालला होता. वादींची नावं अशी : बिबिजान कोम महंमद हनीफ, राहणार जुन्नर, आणि गजराबाई कोम चिमाजी, राहणार आणे. त्या काळच्या कोर्टात बायकोला 'कोम' लिहीत. यातली बिबिजान ही माझी दादी. पण सांगणार आहे ते गजराबाईचं, कारण दादी स्वतःच म्हणायची, "मी नुसता अंगठा उठवला. खटला गजरानं लढवला."

गजराबाई धनगराची. चिमाजी तरणाच गेला आणि मेंढरं तिच्या गळ्यात पडली. दीर यमाजी गावचा कारभारी. त्याला वाटलं, वहिनी चार दिवस रडेल आणि कळप आपल्या स्वाधीन करेल. ती रडली, पण मेंढरांमागे चालता चालता रडली. अंगानं काटकुळी आणि आवाज असा खणखणीत, की पठारावरून हाक मारली तर घाटाखालचं कुत्रं भुंकायचं.

आण्याचं पठार उन्हाळ्यात कोरडंठाक. घाटाच्या पायथ्याशी मात्र डोंगरपिराचा दर्गा आणि दर्ग्याची बारव, म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर. दर्ग्याला इनामजमीन होती, ती याचसाठी : येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी, जनावरांना पाणी आणि उरुसाला सगळ्यांना जेवण. चैत्र लागला की पठारावरची मेंढरं तिथं उतरत. त्या बदल्यात धनगर दरसाल पहिल्या कातरणीच्या लोकरीची घोंगडी पिराला देत. ती थंडीत वाटसरूंच्या अंगावर पडे. कोण हिंदू, कोण मुसलमान, हे त्या घोंगडीनं कधी कुणाला विचारलं नाही.

मग दर्ग्याचा कारभार राजमहंमद मुतवल्लीच्या हातात आला. त्यानं इनामजमिनीत विहीर काढून स्वतःचा ऊस लावला, बारवेभोवती भिंत घातली आणि दाराला कुलूप ठोकलं. त्या उन्हाळ्यात गजराबाईची कोकरं तहानेनं मेली. पुढचा उन्हाळाही तसाच गेला असता, तर कळप विकून तिला मजुरीला जावं लागलं असतं.

इंग्रज सरकारनं देवाधर्मातून हात कधीच काढून घेतला होता. देवळं आणि दर्गे ज्याचे त्याने सांभाळावेत. हे बरंच झालं म्हणा. पण कुंपणच शेत खायला लागलं तर विचारायचं कोणी? जुन्नरच्या कागदीवाड्यात राहणारे माझे आजोबा महंमद हनीफ हाच प्रश्न घेऊन वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, "नवा दिवाणी कायदा आलाय. त्या देवस्थानाशी संबंध असलेल्या दोघांनी मिळून कलेक्टरची लेखी परवानगी काढली, तर दावा लावता येतो. एकट्यादुकट्याचं काम नाही."

ही कुणकुण राजमहंमदला लागली. माणूस लबाड, पण डोकेबाज. उरुसाला त्यानं बकरे कापून पंचक्रोशीला जेवण दिलं. पुरुषमंडळी ढेकर देत बसलेली असताना तो उभा राहिला. "पिराच्या घरचं भांडण सरकारदारी न्यायचं नाही. आण घ्या." मुसलमानांनी कुराणावर हात ठेवला, धनगरांनी बेल-भंडारा उचलला. सगळ्यांत आधी यमाजीनं. माझ्या आजोबांनीही हात ठेवला, सांगायला लाज वाटते. पोटात त्याचंच मटण होतं, नाही कसं म्हणणार?

पुढच्या बाजारी लोकर घेऊन आलेली गजराबाई आमच्या ओसरीवर टेकली. आजोबा कपाळाला हात लावून बसले होते.

"संपलं गं बाई. दोन माणसं पाहिजेत आणि मोकळा एकबी राहिला नाही. समद्यांनी आण घेतलीय."

गजराबाईनं दादीकडे पाहिलं. "बिबी, तू घेतली व्हतीस का?"

"मी कुठनं घेणार? मी चुलीपाशी व्हते, तुझ्याच शेजारी. आपल्याला कोण बोलवतंय?"

"मंग भाऊ, वकिलाला इचारून या. कायद्याला बाई चालती का?"

बाई चालत होती. राजमहंमदनं सगळं गाव बांधून ठेवलं, फक्त ज्यांनी ते मटण शिजवलं त्यांना विसरला. ही चूक आमच्याकडच्या पुरुषांशिवाय कोणाच्या हातून होणार!

अर्जावर अंगठे उठले आणि यमाजी पेटला. भावकीसमोर त्यानं वहिनीला उभं केलं. "घराची आण मोडलीस. अर्ज मागं घे, न्हाईतर वाळीत टाकू."

"आण तुमची, भाऊजी. तुमी पाळा. मला कुनी इचारलं बी नव्हतं. आन वाळीत टाकायचं तर टाका, मेंढरं काय भावकीच्या पंगतीला बसत न्हाईत."

टाकलं वाळीत. वर्षभर तिच्या दारात कुणी चिलीम पेटवायला विस्तवही मागितला नाही. दादी मात्र मिळेल त्या बैलगाडीनं घाट चढून जायची आणि तिथंच राहायची. दोघी एका चुलीवर भाकरी थापायच्या.

हिवाळ्यात कलेक्टरच्या हाताखालचा साहेब जुन्नरला मुक्कामाला आला. तंबूसमोर चौकशी सुरू झाली. राजमहंमद अदबीनं म्हणाला, "सरकार, ही बाई हिंदू. हिचा पिराशी काय संबंध?"

साहेबानं कारकुनामार्फत तेच विचारलं. गजराबाई म्हणाली, "पयल्या कातरणीची घोंगडी दरसाल पिराला देते. माझ्या सासूनं दिली, तिच्या सासूनं दिली. ती वाटसरूंसाठी असती. औंदाची कुठं हाय ती दावू?"

"दाखव."

"ह्यो पांघरून बसलाय की!"

सकाळच्या थंडीत राजमहंमद घोंगडी लपेटून बसला होता. काठाला गजराबाईच्या करड्या मेंढीची लोकर होती, तशी मेंढी पठारावर दुसऱ्या कुणाकडे नव्हती. कारकून हसला, मग साहेब हसला. परवानगी मिळाली.

पुण्याचा खटला रेंगाळला. तारखेला दोघी मिळूनच जायच्या. मेंढरं थोडी उरली, पण गजराबाईनं ती विकली नाहीत. शेवटी निकाल लागला : राजमहंमदचा कारभार काढला, नवे पंच नेमले, भिंत पाडायचा हुकूम झाला. पंच सगळे पुरुषच होते, ते सोडा. पण दावा या दोघींचा होता आणि तो त्यांनी जिंकला. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो मी कुणापासून लपवत नाही.

भिंत पडली त्या दिवशी बारवेवर जत्रा लोटली. ज्यांनी तोंडाला कुलूप लावून घेतलं होतं तेच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. इतक्यात राजमहंमदची बायको खातून घागर घेऊन आली आणि लांबच उभी राहिली. उसाच्या विहिरीवरचा तिच्या नवऱ्याचा हक्कही इनामाबरोबर गेला होता.

यमाजीनं काठी आडवी धरली. "चल, हिकडं न्हाई. लई दिवस तहानेलं ठिवलंत आमाला!"

गजराबाई पायऱ्या चढून वर आली. तिनं दिराच्या हातातली काठी खाली केली.

"भाऊजी, मी भांडत व्हते तवा तुमी गप बसला व्हता. आताबी बसा. दार उघडं ऱ्हावं म्हनून भांडले मी, कुलपाची किल्ली मला मिळावी म्हनून न्हाई."

मग तिनं खातूनचा हात धरला. "ये गं. खालची पायरी निसरडी हाय, जपून उतर."