ह्यांचा आवाज

न वाचता मी आयुष्यात कशावर सह्या केल्या असतील, तर त्या नऊ कागदांवर. बोटींना माल पुरवणारा माणूस मी. कांद्याचं पोतं असो की रंगाचा डबा, उघडून पाहिल्याशिवाय माझं पेन खिशातून बाहेर येत नसे. पण ते नऊ कागद व्हॅनच्या बॉनेटवर ठेवले आणि सटासट सह्या मारल्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सिंगापुरात आज ज्याला हार्बरफ्रंट म्हणतात, त्या भागात माझं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. रत्नागिरीकडून निघून बोटीवर भांडी घासायला लागलो, तिथून भटारखाना, तिथून स्वतःचा धंदा. कुणी हात दिला नाही, म्हणून कुणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. धक्क्यावर इंजिनांच्या घरघरीत ओरडल्याशिवाय कुणी ढुंकून बघत नाही. आवाज हेच माझं भांडवल. आणि भांडवल काय कोणी ऑफिसात कुलूप लावून ठेवतं? ते माझ्याबरोबर रोज जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर येत होतं.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एक जपानी साहेब होते. त्यांची बायको साठीची, चणीनं लहान. ईस्ट कोस्टच्या काँडोतल्या त्यांच्या फ्लॅटवर दर शनिवारी सकाळी सात-आठ माणसं जमवून त्या बौद्ध सूत्राच्या प्रती लिहून घ्यायच्या. जपानातलं हजार वर्षांहून जुनं एक देऊळ, त्याचे लाकडी खांब कुजलेले. माणसानं हातानं सूत्र लिहायचं, थोड्या देणगीसकट देवळाला पाठवायचं, आणि अशा प्रतींमधून देवळाची डागडुजी व्हायची. बाईंनी मलाही विचारलं. गिऱ्हाइकाच्या बायकोला नाही कसं म्हणणार?

"दहा लिहितो," मी म्हणालो. "दहा घेतल्या तर देणगीत काही कमी होईल?"

तोंडावर हात धरून त्या बराच वेळ हसल्या. "देवळाशी घासाघीस करणारे तुम्ही पहिलेच."

"विचारायला काय जातंय," मी म्हणालो. कमी झालं नाहीच.

पहिल्या शनिवारी मी स्वतः बसलो. खाली नमुना, वर पातळ कागद. खालची अक्षरं वर दिसतात, ती कुंचल्यानं गिरवायची. एकाही अक्षराचा अर्थ मला कळत नव्हता. चौथ्या ओळीत गुडघे बोलायला लागले आणि एका अक्षरावर शाईचा थेंब पडला.

"दुसरा कागद द्या," मी म्हणालो.

"दुसरा नाही मिळत."

"का नाही? खराब माल बदलून देतात!" माझा आवाज चढला तसे टेबलावरचे सगळे कुंचले थांबले.

बाई तेवढ्याच शांतपणे म्हणाल्या, "चुकलेल्या अक्षराशेजारी एक ठिपका द्यायचा आणि बरोबर अक्षर बाजूला लिहायचं. चूक खोडायची नाही, फेकायचीही नाही."

दुपारपर्यंत तीन ठिपक्यांसकट माझा कागद संपला. शेवटी एक ओळ इच्छेसाठी असते, खाली नाव. इच्छा कोणत्याही भाषेत चालते. मी लिहिलं, "धंदा वाढो." उरलेले नऊ कागद, नमुना आणि कुंचला घरी नेऊन बायकोपुढे ठेवले. तिचं अक्षर मोत्यासारखं.

"अगं, एवढे करून टाक."

"अहो, पण हे तुम्ही स्वतः लिहायचं असतं ना?"

"कोण बघायला येतंय?"

"आणि इच्छा काय लिहू?"

"लिही काहीतरी. आरोग्यबिरोग्य."

त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच सल होता, आमची मुलगी. नऊ वर्षांची. माझ्याशी मराठी बोलणं तिनं टाकलं होतं. 'जेवलीस का?' तर 'ईट ऑलरेडी.' 'अभ्यास झाला?' तर 'डन ला' असं काहीतरी सिंगापुरी, तोंड फिरवून. मी भडकायचो. "ज्या भाषेत जन्मलीस तिची लाज वाटते? बापाची लाज वाटते?" बायको म्हणायची, "हळू बोला ना." मी म्हणायचो, "तूच लाडावून ठेवलीयस." शाळेला शिव्या घालायचो, सिंगापूरला घालायचो. मराठी मंडळाच्या जेवणांत चारचौघांना सांगायचो, की एवढं रक्त आटवून मुलीला वाढवलं आणि ती घरात परकी झाली.

दोन महिन्यांनी बायकोनं नऊ कागद पाकिटात घालून दिले. बाईंच्या काँडोखाली व्हॅन लावली, कागद बाहेर काढून एकेकाच्या तळाशी सही ठोकली आणि वर गेलो.

बाईंनी चष्मा लावला. "सुंदर," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली, जणू मीच लिहिलं होतं. मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही तुमच्या भाषेतली इच्छा ना? देवळात ती वाचून दाखवतात. अर्थ सांगा, मी शेजारी जपानीत लिहिते."

मी ऐटीत कागद हातात घेतला. बायकोचं अक्षर. 'मुलीचं अडखळणं थांबू दे. ती फक्त मराठीत अडखळते, फक्त ह्यांच्यासमोर. ह्यांचा आवाज खाली येऊ दे.'

खाली माझी सही.

मी पुन्हा वाचलं. अडखळते? कोण? दुसरा कागद ओढला. 'ह्यांच्यासमोर तिचा शब्द अडकू नये. ह्यांचा आवाज खाली येऊ दे.' तिसरा. चौथा. प्रत्येकावर तेच, फक्त दर वेळी थोडं कमी. लिहून लिहून ती दमली असावी, किंवा देवाला एव्हाना समजलं असेल असं तिला वाटलं असावं. नवव्या कागदावर दोनच शब्द होते. 'ह्यांचा आवाज.'

मुलीनं माझ्याशी बोललेलं शेवटचं पूर्ण मराठी वाक्य मी आठवायला लागलो. आठवेना. वर्षभर मागे गेलो, तरी आठवेना. इंग्रजी शब्द ती माझ्या तोंडावर फेकत नव्हती. जो शब्द अडकणार नाही तो उचलून पळत होती. आणि मी तिच्या मागे ओरडत होतो, तेही मराठीत.

बाई पेन हातात धरून थांबल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनीच सुचवलं, "कुटुंबाचं आरोग्य?"

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण माझी सवय जाते कुठे! "हे नऊ मला परत द्या," मी म्हणालो. "बदल्यात वीस लिहितो. स्वतः."

"दिलेली प्रत परत जात नाही."

"तीस!"

काचेच्या दारावर आदळून माझाच आवाज माझ्या कानावर आला. बाई मागे सरल्या नाहीत. वारा सुटल्यावर कागद उडू नयेत म्हणून ठेवतात, तसा त्यांनी त्या नऊ कागदांवर तळहात ठेवला.

"पहिल्या कागदावरचा हात आणि हा हात वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "ठिपके फक्त पहिल्यावर आहेत."

म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं. मग मी अर्थ सांगितला. 'ह्यांचा'पाशी अडलो. नवऱ्याचं नाव न घेता आमच्या बायका जे 'हे' म्हणतात, ते इंग्रजीत कसं सांगणार? शेवटी बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. त्यांनी काही न विचारता लिहून घेतलं आणि निघताना एक कोरा कागद माझ्या हातात दिला. देणगी मागितली नाही.

घरी पोचेपर्यंत मनाला बसलेल्या धक्क्याचा राग झाला होता. दार उघडताच मी बायकोवर कडाडलो, "जपानातल्या देवाला सांगितलंस आणि मला नाही?"

मुलगी टेबलाशी चित्र काढत बसली होती. तिनं मान वर केली. हनुवटी हलायला लागली, ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. आवाज नाही. हे मी शंभरदा बघितलं होतं आणि दर वेळी त्याला फुरंगटणं समजलो होतो.

बायको हळूच म्हणाली, "सांगितलं होतं. तीनदा. तुम्ही बोलत होतात."

पुढे शाळेतल्या बाईंनी समजावलं, की अडखळणं बापाच्या ओरडण्यानं येत नाही, पण ओरडण्यापुढे वाढतं. मी त्यातला पहिला अर्धा भाग बरेच दिवस धरून बसलो होतो. पण त्या दिवशी मला हेही माहीत नव्हतं. मी बूट काढले, मुलीसमोरच्या खुर्चीवर बसलो आणि तो कोरा कागद नमुन्यावर ठेवून गिरवायला लागलो. काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून.

तिसऱ्या ओळीत एक रेघ भलतीकडे गेली. मुलगी चित्र सोडून माझ्या बाजूला येऊन उभी होती. तिनं त्या अक्षरावर बोट ठेवलं.

"बाबा, हे चु... चु..."

'राँग ला' ती चटकन म्हणू शकली असती. म्हणाली नाही. पुढचा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. माझा स्वभावच तो, समोरच्याचं वाक्य मीच संपवायचं. मी दात आवळून धरले. पंखा फिरत होता. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. तिची हनुवटी हलत होती आणि मी कागदाकडे बघत राहिलो, तिच्याकडे नाही.

"चुकलं," ती म्हणाली.

मी अक्षराशेजारी ठिपका दिला. "बरोबर अक्षर कुठे लिहू?" मी विचारलं. एवढ्या खालच्या आवाजात, की तिला वाकून ऐकावं लागलं.

तिनं समासावर बोट टेकवलं. "इ... इथे."