आमच्या गॅसची गळती

आता हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. माणूस शिकला की शहाणा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर जरा पुढे सरकूनच बसा. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आहे. तीही गंधकाच्या संयुगांवर! म्हणजे जगातले जेवढे घाणेरडे वास आहेत, त्यांच्याशी माझी विद्यापीठमान्य ओळख.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशकात कॉलेज रोडच्या मागच्या अंगाला आमची छोटी दुमजली इमारत. आमच्या घरी नुकताच गॅस आला होता. नाव नोंदवलं तेव्हा आमची थोरली फ्रॉकमध्ये होती, आणि सिलिंडर आला तेव्हा तिनेच साडी नेसून त्याला हळदकुंकू वाहिलं. आमच्या मालतीचं निम्मं आयुष्य शेगडी फुंकण्यात आणि उरलेलं स्टोव्हला पिन मारण्यात गेलेलं. त्या निळ्या ज्योतीकडे ती अशी काही बघायची, की अंतरपाट दूर झाल्यावर माझ्याकडेसुद्धा तशी बघितली नव्हती.

आणि मी? मला धडकी! रेग्युलेटर बंद करून दोन पावलं चाललो की वाटायचं, बंद केला की उघडला? परत जाऊन बघायचो. बघून आल्यावर वाटायचं, बघताना धक्का तर लागला नसेल?

एप्रिलमधली गोष्ट. संध्याकाळी कॉलेजातून घरी आलो, आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी खिळलो. वास! कुजका, कोबी सडल्यासारखा, नाकात सुई टोचावी तसा.

"मालती! काडी ओढू नकोस!"

"मी कशाला ओढू? स्वयंपाक केव्हाच झालाय."

"गॅस गळतोय!"

तिने नाक वर केलं, हुंगलं, आणि तिचा चेहरा उतरला. वास तिलाही आला होता.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचं एक संयुग मुद्दाम मिसळतात. माझंच संयुग! त्याला मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? लगेच साबणाचा फेस करून नळीला लावला. एक बुडबुडा येईल तर शपथ! पण बुडबुडा न येणं हा काही गळती नसल्याचा पुरावा नव्हे. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

कपडे बदलून बसलो, खिडक्या उघडल्या, वास गेला. सकाळी कॉलेजला निघालो, वास हजर. संध्याकाळी परतलो, पुन्हा हजर!

मालती म्हणाली, "अहो, एक सांगू? तुम्ही गेलात ना, की वास जातो."

"जात नाही. तुझं नाक सरावतं. मी बाहेरून ताजं नाक घेऊन येतो, म्हणून मला कळतं."

"मग तुम्ही आल्यावर मलाही का येतो?"

यावर मी काहीतरी इंग्रजीत बोललो. काय ते आता आठवत नाही. नाही आठवत तेच बरं.

शेवटी जाहीर केलं, "उद्या सिलिंडर परत!"

मालतीने हातातली पळी खाली ठेवली. "द्या. पण ज्या हातगाडीवरून तो जाईल, तिच्यावरच मलाही बसवा, आणि सायखेड्याला भावाकडे पोचती करा. पुन्हा स्टोव्हला पिन मारायला मी या घरात राहणार नाही."

"अगं, जिवाचा प्रश्न आहे!"

"उद्या वन्सं जेवायला यायच्यात. त्यांना गॅसवरच्या पुऱ्या घालायच्यात मला. उद्याचा दिवस तरी राहू दे."

"उद्या आपण राहिलो तर!"

वन्सं म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. देवळाली कॅम्पला राहायची. मिलिटरीवाल्यांच्या शेजारात राहून तिचा आवाजही परेडच्या मैदानाला साजेसा झालेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसच्या एजन्सीत जायला जामानिमा करून निघालो. वास होताच! म्हटलं, एक साक्षीदार असावा. समोरच्या बागुलांचं दार वाजवलं. ते सटाण्याकडचे. घरातली बोली तोंडात, मन मोकळं.

"या ना सर! चहा ठेवू?"

मी दोन पावलं आत गेलो आणि ओरडलो, "बागूल! तुमच्याकडेही गळतोय!"

"आमना घरमा? आत्तापर्यंत तर काहीच वास नव्हता!" त्यांनी हुंगलं. "आयला, खरंच शे!" त्यांनी धावत जाऊन गॅस बंद केला.

तिथून तडक खाली, जाधवबाईंकडे. बाई शाळेत शिकवायच्या. दार उघडताच त्यांनी नाकाला पदर लावला.

"बाई, गॅस बंद करा!"

"सर, आमच्याकडं गॅसच नाही. शेगडी आहे."

आता इथे तरी माणसाने थांबावं की नाही? पण विद्या स्वस्थ बसू देत नाही हो! मी म्हणालो, "बाई, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. वरून जिन्यातून उतरत उतरत तुमच्याकडे साठला आहे. शेगडी विझवा! सगळे अंगणात चला!"

बाईंनी निखाऱ्यांवर पाणी ओतलं. भाजी कच्ची, वरण कच्चं. बागुलांची म्हातारी आई पाटासकट खाली आली. मालती पुऱ्यांची भिजवलेली कणिक परातीत घेऊन कडुनिंबाखाली उभी राहिली, माझ्याकडे न बघता. मी मधोमध उभा राहून सगळ्यांना गॅस, ठिणगी आणि स्फोट समजावून सांगत होतो, आणि गंमत म्हणजे मंडळी हळूहळू माझ्यापासून लांब सरकत होती. मला वाटलं, विषय अवघड जातोय.

तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला. आक्का!

"हे काय? सगळे बाहेर? कोण गेलं रे?" आक्काने तिथूनच दणका दिला.

"अजून कोणी नाही," मी म्हणालो, आणि पुढे होऊन तिच्या पायांवर वाकलो.

वाकलो मात्र, कोटाच्या वरच्या खिशातून काहीतरी बद्दकन पडलं आणि आक्काच्या चपलेवर फुटलं. काळपट, चिकट, एक हिरवा कोंब वर आलेला. असा भपकारा उठला, की टांग्याचा घोडासुद्धा दोन पावलं मागे सरला.

"नाना," आक्का म्हणाली, "लोक थोरल्या बहिणीच्या पायांवर फूल वाहतात रे."

कांदा!

मालती परात घेऊन जवळ आली. कांद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हा तुमच्या कोटात कोणी ठेवला?"

काय सांगणार? मागे कळवणला प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला गेलो होतो. बाहेरचा परीक्षक, म्हणून भर एप्रिलात कोट. निघताना मालती म्हणाली होती, "ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवा हो." त्यावर मी तिला उष्माघात आणि अंधश्रद्धा या विषयावर दारातच व्याख्यान दिलं होतं. फाटकापर्यंत गेल्यावर मनात आलं, आणि कांद्याचा खरंच काही उपयोग होत असेल तर? चष्मा विसरल्याचं सांगून परत आलो आणि टोपलीतला एक हळूच उचलला. ऊन लागलं नाही. कांदा मात्र विसरलो. मग आमच्याही कॉलेजात परीक्षा, म्हणून तोच कोट रोज अंगात, आणि घरी आलो की गॅलरीतल्या खुंटीला! कांद्याच्या वासातही गंधकच असतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी ते शिकवायचो!

"मीच ठेवला," मी पुटपुटलो.

मग बागूल खोकले. "सर, आते चहा ठेवू का?"

पुऱ्या गॅसवरच झाल्या. टम्म फुगल्या. जाधवबाईंच्या घरचंही अन्न त्या दिवशी आमच्याच गॅसवर शिजलं. सिलिंडर घरात राहिला, कोट मात्र कडुनिंबाला टांगला गेला.

पुढच्या वर्षी आमच्या गॅसची नळी खरोखरच चिरली. मी स्वयंपाकघराच्या दारातून जीव तोडून ओरडलो, "मालती, गॅस!"

ती शांतपणे उठून आली. माझा उजवा खिसा चाचपला, मग डावा, मग वरचा. तिन्ही रिकामे निघाले, तेव्हा कुठे तिने रेग्युलेटर बंद केला.