एकमताने मंजूर

"कै. नेने यांच्या निधनाचा ठराव एकमताने मंजूर." मागच्या सभेच्या इतिवृत्तातलं हे वाक्य मी सोसायटीच्या सभेत खणखणीत आवाजात वाचलं. टिपणं माझीच होती. पाण्याची टाकी, गच्चीची गळती, नेन्यांना श्रद्धांजली, असे विषय ओळीने आले होते आणि प्रत्येकापुढे हाताने सवयीने 'एकमताने मंजूर' लिहिलं होतं. पहिल्याच रांगेत नेनेवहिनी बसल्या होत्या.

मागे कुणीतरी खुसखुसलं. टिपणं घेण्यात मी शाळेपासून पटाईत. पण हात लिहू लागला की कान सुटीवर जातात, आणि मान खाली असल्यामुळे समोर कोण रडतंय हे दिसत नाही, ते कुठल्याच मास्तरांनी सांगितलं नव्हतं. नेने हयातभर प्रत्येक ठरावाला एकटेच विरोध करायचे. ते गेल्यावरची ती पहिली सभा चहा गरम असतानाच आटोपली, आणि घरी जाताना आम्ही सगळे चांगले खुशीत होतो. म्हणजे मी लिहिलं ते अगदीच खोटं नव्हतं.

"दुरुस्ती करतो, वहिनी," मी पुटपुटलो.

"असू द्या हो, भाऊजी. ह्यांच्या एका तरी गोष्टीवर तुमचं सगळ्यांचं एकमत झालं."

अध्यक्षांनी घसा खाकरला आणि इतिवृत्त कायम केलं.

घरी पान वाढता वाढता बायकोने माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी आधी गेले, तर त्या दिवशी काही लिहू नका. एकदा तरी माझ्याकडे नीट बघा."