काळ्या घरांवरचे थेंब

त्याला सगळे चकाचकमामा म्हणायचे. खरं नाव आठवायला बायकोलाही क्षणभर थांबावं लागलं असतं. जुन्या लाकडी वस्तू साफ करून द्यायचा त्याचा धंदा. हात इतका हलका की झोपलेल्या मांजराला कळू नये, तोंड मात्र तोफखाना. गिऱ्हाइकाने वस्तू टेबलावर ठेवायचा अवकाश, याचं व्याख्यान सुरू. बायको म्हणायची, “तुमच्या हाती लागला तर चंद्राचासुद्धा डाग काढून ठेवाल.” याला ती शाबासकी वाटायची.

एक बाई चादरीत गुंडाळलेला बुद्धिबळाचा जुना पट घेऊन आली. तिच्या वडिलांना तो त्यांच्या आजोबांकडून मिळालेला. फिकट आणि गडद लाकडाचे चौकोन जोडून केलेला, कडांना वर्षानुवर्षांचा मळ.

“मामा, हळू हाताने करा हं. बाबांचा जीव आहे यात. कडा तेवढ्या साफ करा, आणि काळ्या घरांवर हे थेंब आहेत ना, ते...”

“ताई, आता डाग ओळखायला तुम्ही मला शिकवणार? एवढे केस काय उन्हात पांढरे झाले? निर्धास्त जा. पट असा करून देतो की ओळखू येणार नाही!”

बाई काहीतरी बोलायला गेली, पण मामाने तोवर खोड आणि साल यांवर बोलायला सुरुवात केली होती. बोलता बोलता त्याने तिला दारापर्यंत पोचवलंसुद्धा. इतक्या खात्रीने बोलणाऱ्या माणसाला सगळं ठाऊकच असणार, असं समजून ती गेली.

काम त्याने जीव लावून केलं, त्यात वाद नाही. आधी मऊ कुंच्याने धूळ झटकली. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने एकेक घर पुसलं, आणि ओल राहू नये म्हणून लगेच कोरडं केलं. थेंब मेणाचे होते. ते त्याने बांबूच्या चपट्या कामटीने, लाकडाला ओरखडा न येऊ देता, अलगद सोडवले. सगळे काळ्याच घरांवर होते, प्रत्येक घराच्या एकाच कोपऱ्यात. शहाणा माणूस इथे थांबला असता. मामा बायकोला म्हणाला, “अगं, ही मेणबत्तीसुद्धा बुद्धिबळ खेळत होती वाटतं!” आणि स्वतःच पोटभर हसला.

एका थेंबावर बोटाचा अर्धवट ठसा होता. तो त्याने उजेडात धरून पाहिला आणि बाकीच्या मेणाबरोबर पॉलिशच्या डब्यात टाकला. मेण वाया घालवणं त्याला पटायचं नाही. डबा गरम करून सगळं एकजीव केलं आणि त्याच पॉलिशचा हात पटावरून फिरवला. पट असा उजळला की त्याला स्वतःलाच गहिवरून आलं.

पट पोचवायला तो स्वतः गेला. तारीफ दुसऱ्याच्या हाती कशाला सोपवायची?

बाईचे वडील खिडकीपाशी बसले होते. दुपारी शेजारी खेळायला यायचा होता, सोंगट्या मांडून घ्यायची घाई होती. पट समोर ठेवताच म्हाताऱ्याने दोन्ही हात त्यावर ठेवले. बोटं इकडून तिकडे गेली, परत आली, पुन्हा गेली.

“हा आमचा नाही,” तो म्हणाला. “तुमच्याकडे अदलाबदल झाली असेल.”

मामा खूश. “आजोबा, हीच तर माझ्या हाताची करामत! जरा नीट बघा तरी!”

म्हाताऱ्याने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. डोळे मामाच्या खांद्यापलीकडे, भिंतीवर कुठेतरी लागले होते. स्वयंपाकघरातून आलेली बाई पटाकडे बघून दारातच थांबली.

“मामा, थेंब?”

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मामाला झालं. तोफखाना पार गार पडला होता.

“ताईंना मी बोलूच दिलं नाही,” तो कसाबसा म्हणाला. “चूक माझी आहे.”

“माझी नजर जायला लागली तेव्हा हिच्या आईने टाकले होते ते,” म्हातारा म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर मामाला सोसला असता. “काळं कुठलं, पांढरं कुठलं, मला हाताला कळावं म्हणून. तिचा हात थरथरायचा, म्हणून एक थेंब दुसऱ्यासारखा नाही. माझ्या डाव्या हाताच्या कोपऱ्यातला निवला का बघायला तिने बोट टेकवलं. भाजलं, ओरडली माझ्यावरच. तिचं बोट होतं तिथे. ठेवलंय का हो तुम्ही ते कुठे?”

खोटं बोलायला फार वाव होता. केरात गेलं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

“मी वितळवलं ते, आजोबा. पॉलिशमध्ये. तेच पटाला चोळलंय.”

बाईने तोंड फिरवलं. म्हाताऱ्याने तळहात पटावर सपाट ठेवला आणि सावकाश फिरवला.

“मेणबत्ती आण गं,” तो म्हणाला. “शेजारी येईल एवढ्यात.”

थेंब मामानेच टाकले. आपण चकचकीत केलेल्या लाकडावर स्वतःच्या हाताने डाग पाडत गेला. मान खाली होती, घाम डोळ्यांत उतरत होता, पण हात मुळीच हलला नाही. इतक्या वर्षांची सवय. थेंब गोल पडले, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या हाताचा राग आला.

म्हाताऱ्याने ते चाचपून पाहिले.

“छान झालंय हो,” तो म्हणाला. “अगदी एकसारखे.”

याच तारिफेसाठी मामा पट घेऊन आला होता. आता ती ऐकताना त्याला वर बघवेना. म्हातारा सोंगट्या मांडू लागला. डाव्या कोपऱ्यातल्या घरावर हत्ती ठेवण्याआधी त्याने तिथे बोट टेकवलं, आणि हत्ती दुसऱ्या हातात तसाच धरून बसून राहिला.