डिस्कचे दोन वाटे

भूगावातल्या आमच्या संघटनेच्या खोलीत संगणक एकच होता. सकाळी आमची पत्रकं, दुपारी सरांचं काम. मशीन सरांचं होतं, ते कॉलेजात शिकवायचे. मशीन चालायचं डॉस या प्रणालीवर; त्यांना तिच्या जोडीला युनिक्स ही दुसरी प्रणाली हवी होती. दोन्ही एकाच डिस्कवर, सुरू करताना हवं ते निवडायचं. म्हणजे डिस्कचे दोन वाटे पाडणं आलं.

त्या डिस्कवर कोळवणातल्या एका म्हाताऱ्याचं सांगणं मी टाइप करून ठेवलं होतं. आयुष्यभर कसलेलं भातखाचर मालक शहरातल्या बंगलेवाल्याला विकत होता आणि कागदावर कसणाऱ्याचं नावच नव्हतं. कुठल्या साली मालकाचा भाताचा वाटा कोणी नेला, नेताना कोणी पाहिला, सगळं म्हाताऱ्यानं मला सांगितलं, आणि कुळाच्या दाव्याच्या सुनावणीआधीच तो वारला. ते साक्षीदार आता मला शोधायचे होते.

"सगळं फ्लॉपीवर घेतलंस ना?" सरांनी विचारलं.

"घेतलं."

घेतली होती फक्त पत्रकं. फ्लॉपी तेवढ्यातच भरली. म्हाताऱ्याचं सांगणं सर्वांत जुनं, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला, आमच्याच डॉसच्या वाट्यात असणार असं मी धरलं. भाऊ वेगळे होतात तेव्हा मधे बांध घालतात, उभं भात कोणी उपटत नाही. पडद्यावर इंग्रजीत ताकीद आली, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल अशी. सरकारी नोटिशीतल्या दमाला मी जेवढी किंमत द्यायचे तेवढीच तिला दिली आणि होकाराचं बटण दाबलं.

दोन्ही वाटे नीट पडले. आमचा कोरा होता.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. हाताने लिहिलेलं असेल ना?"

होतं. पण कागद वाया घालवायचा नाही ही आमची शिस्त. टाइप झालं की हस्तलिखिताच्या कोऱ्या पाठीवर पोस्टर. शिस्तीचा मला अभिमान होता, तिच्यावर मी दोन भाषणंही दिली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं कोळवणात गेले. थांब्याच्या भिंतीवर माझी लाल अक्षरं शाबूत होती: पुरावा मागणाऱ्यांनो, आधी शेताला विचारा. पाणी मारून नखानं कागद सोडवू लागले. खळ आम्ही घट्ट करायचो. कागदाच्या चिंध्या हातात येत होत्या, पाठीवरची शाई उलटी उमटून भिंतीलाच राहत होती. मला काहीच वाटत नव्हतं. नखं तेवढी दुखत होती.

म्हाताऱ्याची बायको मागं येऊन उभी राहिली.

"काय खरवडतीस गं? चांगलं लावल्यालं हाय की."

"मावशी, काकांनी सांगितलेलं याच्या पाठीवर आहे."

"आन् त्या मशिनीत?"

"मशिनीतलं मी पुसलं."

ती भिंतीजवळ आली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसासारखी नाही, भात पिकलं का बघावं तशी तिनं ती शाई निरखली.

"हितं त्यांचं काय ऱ्हायलंय?"

"एक नाव अर्धं दिसतंय. बाकी नाही."

"अर्धं सांग. अर्ध्यावरनं वळखीन मी."

त्या अर्ध्या नावापुढं मी एकेक अक्षर लावून वाचत गेले. ती मान हलवत राहिली, नाही म्हणून.