धुवायला गेलेला कोट

टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या आणि मॅडम माझ्या अंगातला कोट ओढून काढत होत्या. वर्गाबाहेर, पाण्याच्या फिल्टरपाशी.

"पटकन काढ. घाम लागेल त्याला."

कोट निळा. खिशावर सोनेरी ताऱ्याचा बिल्ला. ॲडव्हान्स बॅचचा, म्हणजे या मॅडमच्याच वर्गाचा. शाळेच्या चौथ्या मजल्यावर बसणाऱ्या पोरांनाच तो मिळायचा. माझ्या अंगात होता तो तेव्हा बरेच दिवस गैरहजर असलेल्या मुलीचा. बाह्या लांब व्हायच्या म्हणून मॅडमनी आतून टाचण्या मारल्या होत्या. काढताना एक टाचणी मनगटावर ओढली गेली. सांगताना मी त्या टाचणीचा खिळा करते, ऐकणारा चांगला भेटला तर भाला करते. आमच्या घरात साधं बोललेलं कुणी मला आठवत नाही. पण कोट काढून घेतला यात वाढवलेलं काही नाही. ते मी कमीच सांगते.

कोट चढवायचा तो डेमोपुरता. तर डेमो म्हणजे काय. पुण्याजवळ आमच्या मोशीत तेव्हा रात्री झोपलं की सकाळी एक नवी इमारत उगवलेली असायची, आणि त्या इमारतीतले आयटीवाले, कंपन्यांतले साहेब पोरांसाठी शाळा शोधत निघायचे. प्रवेशाच्या दिवसांत दर शनिवारी त्यांना चौथ्या मजल्यावर नेत. एसी, पांढराशुभ्र फळा. पाहुण्याने कुठलंही गणित घालायचं, बॅचमधलं पोर ते उभ्या उभ्या सोडवणार. अडचण एकच. वरच्या पोरांना गणितं येत, पण पाहुणे समोर बसले की त्यांच्या घशाला कोरड पडे. मला प्रेक्षक दिसले की उलट चेव येतो. मी नववी 'ड'. तळमजला, सायकल स्टँडला लागून. म्हणून मला वर नेत, कोट चढवत, टाळ्या झाल्या की उतरवत.

ॲडव्हान्सची चाळणी परीक्षा मीही दिली होती. आठवीच्या शेवटी. माझं नाव वरून तिसरं. पप्पांनी गल्लीत एवढे पेढे वाटले की मोशीतल्या मुंग्यांना मधुमेह झाला. मग पालकांची मुलाखत. पप्पा निघोज्याला एका कंपनीत, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर. ते सांगायचे, आमचा प्रेस पडला की इंद्रायणीतले मासे काठावर येऊन बघतात. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीच्या टोकावर बसले.

"पूर्ण नाव?"

पप्पांनी सांगितलं. आडनाव ऐकलं आणि मॅडमनी पेनाला टोपण लावलं. टक्. तो आवाज मला प्रेसपेक्षा मोठा वाटला.

"घरी इंग्रजी कोण बोलतं?"

"टीव्ही," पप्पा म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. "मुलगी हुशार आहे हो. पण ॲडव्हान्सला घरचं वातावरण लागतं. नसलं की ही मुलं मध्येच गळतात. खाली ऑटोमोबाईलचा पर्याय आहे. तुमच्याकडे कंपनीचं वातावरण आहेच की. नाहीतर ब्यूटी पार्लरचा कोर्स."

पप्पा परभणीकडचे. म्हणाले, "पर्याय म्हनल्यावर निवडायचं आमी ना, मॅडम?"

"पुढचे पालक," मॅडम दाराकडे बघून म्हणाल्या.

ऑटोमोबाईलमध्ये वाईट काही नाही. पाना हातात धरायला मला आवडतो. पण तो मला दिला तो माझा हात बघून नाही, बापाचा बघून.

मग मी डेमोला का जायची? कारण खाली आम्हाला सूत्र पाठ करायला लावत. वर ते सूत्र आलं कुठून, हे विचारत. फळ्याच्या कोपऱ्यात आदल्या तासाचं अर्धवट पुसलेलं काहीतरी असायचं, ते मी डोळ्यांनी चाटून घ्यायची. मला वाटायचं, इतक्यांदा वर नेताहेत, एखाद दिवस खाली पाठवायला विसरतील.

'ड'मधला दिप्या मोशीचाच, जुन्या गावातला. मी परत आले की म्हणायचा, "आली का लिफ्ट खाली? एसीची हवा तरी आणायची व्हती बाटलीत, आमी बी हुंगली असती."

टाचणी ओढली गेली त्यानंतरच्या सोमवारी शाळेतल्या मावशी जिन्यात भेटल्या. हातात पिशवी, पिशवीत तो कोट.

"कुठं निघालात, मावशी?"

"ड्रायक्लीनला. मॅडमनी सांगितलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एकदा घातला तर काय होतंय गं. पण सांगितलंय."

वरची पोरं एकमेकांचे कोट घालून कँटीनला जायची. सॉस सांडायची. ते कोट कधी धुवायला गेले नाहीत.

पुढच्या शनिवारी परत मी, परत तोच कोट. इस्त्री केलेला, लाँड्रीच्या वासाचा. एका साहेबांनी गणित घातलं. मी सोडवलं, वर दुसऱ्या पद्धतीनेही सोडवून दाखवलं, कारण मी तशीच आहे. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "या बॅचला प्रवेश कसा देता?"

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फक्त मेरिटवर. हिचंच बघा ना, वडील साधे कामगार आहेत. आमच्याकडे भेदभाव नाही."

वडील. खुर्चीच्या टोकावर बसलेले. टाळ्यांसाठी त्यांनाही यांनी कोट चढवला.

मी टाचण्या काढल्या. एकेक करून फळ्याखालच्या पट्टीवर ठेवल्या. कोट काढला, घडी घातली.

"मी या बॅचची नाही. नववी 'ड', तळमजला. हा कोट दुसऱ्या मुलीचा आहे. मी घातला की तो धुवायला जातो."

गल्लीत सांगताना मी म्हणते, एसी बंद पडला, ताऱ्याचा बिल्ला गळून पडला, मॅडमना चक्कर आली. तसलं काही झालं नाही. एसी चालू होता. त्या बाई पर्स उचलून निघून गेल्या. बाकीच्यांनी प्रवेश घेतला.

सोमवारी मुख्याध्यापकांनी पप्पांना बोलावलं. आवाज गोड. "लहान आहे ती. वर जाऊन मॅडमची माफी मागू दे. मग बसवू तिला वरच्या वर्गात. आमच्याही मनात काही राहणार नाही."

हवं होतं तेच समोर ठेवलं होतं. एक वाक्य बोलायचं आणि चौथा मजला.

मी पप्पांकडे बघितलं. ते म्हणाले, "तुजं तू बघ, बाई. मी कंपनीत लई माफ्या मागितल्या. त्याच्यावर कुणी मला वर बसवलं न्हाई."

मी म्हणाले, "सर, चाळणीचा निकाल आणि बॅचमधली नावं शेजारी शेजारी नोटीस बोर्डावर लावा. माझं चुकलेलं निघालं तर सगळ्या शाळेसमोर माफी मागते."

"बाहेर थांब," सर म्हणाले.

बोर्डावर काहीच लागलं नाही. दहावी मी तळमजल्यावरूनच झाले. वरचं गणित थोडं ओरबाडून घेतलं, बरंचसं राहून गेलं. राहिलेलं आज इंजिनिअरिंगच्या वर्गात पावलोपावली आडवं येतं. हुशार पोरीचं काही अडत नाही म्हणतात. अडतं. मी अडलेली आहे.

त्या शाळेचा डेमो अजून होतो. तारा आता फाटकावरही लावलाय, एवढा मोठा की आळंदीहून दिसावा. गेल्या वर्षी मी फाटकाबाहेर उभी राहिले. वॉचमन म्हणाला, "ताई, कशाला डोक्याला ताप?" मी म्हटलं, "माझ्या नाही, त्यांच्या डोक्याला."

यंदाही उभी राहणार. पुढच्या वर्षीही. दोन्ही याद्या शेजारी शेजारी लागेपर्यंत. आत जाणाऱ्या प्रत्येक आईबापाला एकच सांगणार: वर एखादं पोर तुमच्यासमोर फटाफट गणित सोडवेल. टाळ्या वाजवायच्या आधी त्याला विचारा, अंगातला कोट कुणाचा आहे.