गाजरबाई आणि थेंब घातलेली माणसं

बोलवा अशी, की डोळ्यांच्या दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी एका म्हाताऱ्याच्या नाकावरचा चष्मा ओढला, कचऱ्याच्या डब्यात भिरकावला आणि त्याच्या हातात गाजर कोंबून म्हटलं, "खा, दिसेल!" म्हणून त्या गाजरबाई.

साफ खोटं. चष्मा म्हाताऱ्यानेच फेकला, तोही बाईंच्या डोक्याच्या दिशेने. बाईंनी फक्त विचारलं होतं, "चहात साखर किती?" तो म्हणाला, "अगदी नावाला." बाई म्हणाल्या, "नाव बरंच लांबलचक दिसतंय तुमचं." चष्मा सुटला, बाई वाकल्या, चष्मा डब्यात. गाजराचं म्हणाल, तर बाईंना गाजर बघवत नाही. "गाजराने नंबर उतरत नाही" हे वाक्य त्या इतक्यांदा ओरडल्यात की गाजर हा शब्द त्यांना चिकटला, आणि तो चिकटवायचं पुण्यकर्म मामाने केलं.

मामा म्हणजे डॉक्टरांचा मेहुणा. डॉक्टरांची मुलं मामा म्हणतात म्हणून अख्खा दवाखाना मामा म्हणतो. दारातून शिरलं की पहिलं त्याचंच चष्म्यांचं दुकान. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला "काय समजलेत?" लावायची त्याला सवय. समोरच्याला काहीच समजलेलं नसतं, पण फ्रेम गळ्यात पडलेली असते.

साखरेने डोळ्याचा पडदा खराब झालेली माणसं डॉक्टरांकडे रोज येत. डॉक्टर लेसर मारत, माणसं घरी जाऊन केक खात आणि पुन्हा लेसरला येत. कंटाळून डॉक्टरांनी आहारसल्ला सुरू केला. त्यासाठी मामाच्या खोक्यांची खोली रिकामी करून बाईंना दिली. एक टेबल, एक वजनकाटा, जिन्याकडे उघडणारी खिडकी. खोके बाहेर आले त्या दिवसापासून मामा बाईंकडे असा बघायचा, जणू बाई म्हणजे खोलीला लागलेली वाळवीच.

बाईंना ती खोली टिकवणं भागच होतं. याआधी दोन ठिकाणांहून जिभेपायी निघावं लागलं होतं. इथूनही निघाल्या असत्या, तर मोठ्या बहिणीकडे राहून तिच्या पोरांचे डबे भरणं नशिबी होतं. बहिणीने डबे आणूनही ठेवले होते, वर फोन करून रंग कुठला घेतला तेही सांगितलं होतं.

आणि बाईंनी पहिलीच चूक घसघशीत केली. त्यांच्याकडे पेशंट यायचे ते डोळ्यांत थेंब घालून, बुबुळ मोठं होईपर्यंत बसवून ठेवलेले. बाई त्यांच्या हातात छापील आहारतक्ता द्यायच्या. पेशंट मान डोलवायचे, "हो हो, अगदी बरोबर" म्हणायचे. थेंब घातल्यावर जवळची अक्षरं दिसतच नाहीत, ही गोष्ट डोळ्यांच्याच दवाखान्यात बसून बाई विसरल्या. बाहेर ऊन झोंबलं, की पेशंट तोच तक्ता कपाळावर धरायचे आणि सावली आली की टाकून द्यायचे.

मामाने पायऱ्यांवरचे तक्ते गोळा केले आणि डॉक्टरांपुढे ढीग घातला.

"भावोजी, ही तुमची आहारसेवा. छत्री म्हणून बरी आहे, काय समजलेत? खोली मला द्या, आरसे लावतो."

डॉक्टर "बघू या, बघू या" म्हणाले. एकदा म्हणाले की विषय संपतो, दोनदा म्हणाले की कुणाचं तरी काही खरं नसतं. बाईंना त्यांनी सांगितलं, "पेशंट आपणहून तुमच्याकडे परत आले, तर खोली तुमची. नाहीतर महिनाअखेरीस मामा आहेच."

बाई संतापल्या, पण स्वतःवर नाही. "दिसत नव्हतं तर नंदीबैलासारख्या माना कशाला हलवत होते मेले?"

तक्ते बंद झाले. बाई आता नुसतं विचारायच्या. आणि एक गंमत झाली. थेंब घातलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा धड दिसत नाही, त्यामुळे तो डॉक्टरांपाशी मारतो तेवढ्या थापा मारत नाही.

शिवणकाम करणाऱ्या एक काकू आल्या.

"सकाळी एक बिस्किट," काकू म्हणाल्या.

"एक बिस्किट की एक पुडा?"

"...पुडा. पण छोटा."

"सुईत दोरा कोण ओवून देतं?"

"सून."

"मुकाट्याने देते?"

काकूंचं तोंड कडू झालं. "म्हणते काहीबाही."

"मग खा पुडे. सुनेचं ऐकायची हौसच असेल तर मी कोण अडवणार?"

काकू ताडकन उठल्या, मामाच्या फ्रेमच्या स्टँडला धडकल्या आणि ओरडल्या, "बाई आहे की उलटतपासणी!" मामाने त्यांना स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. इतका गोड तो बायकोशीही वागला नसेल.

महिना सरता सरता काकू परत आल्या. डॉक्टरांकडे बघितलंही नाही, थेट खोलीत शिरल्या आणि तपासणीचा कागद टेबलावर आपटला.

"उतरली साखर! आता बोला! बोला ना!"

"उतरली? एक पायरी उतरली. जिना बाकी आहे."

"पुढच्या वेळी बघा तुम्ही!"

"बघते ना. पळून नाही चाललेय."

मग बसड्रायव्हर आला, निवृत्त मास्तर आले. प्रत्येकाच्या पोटात बाईंनी मारलेला एकेक शब्द सलत होता आणि तो त्यांच्या तोंडावर परत मारायचा होता. डॉक्टर बाहेर येऊन बघतात, तर दारापाशी रांग.

"सगळ्यांना बाईंकडेच जायचंय?"

"मग काय तुमच्याकडे?" काकू खेकसल्या. "तुम्ही गोड बोलता. तुमच्याशी काय डोंबल भांडणार!"

खोली राहिली. मामाने सूड म्हणून आपले खोके बाईंच्या दाराबाहेर रचले. बाईंनी पेशंटना त्यांच्यावर बसायला सांगितलं.

त्याच सुमारास डॉक्टरांच्या मुलीने, म्हणजे मी, बाईंशी पैज लावली की एका तरी पेशंटशी त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत गोड बोलूच शकणार नाहीत. मी हरले तर त्यांची नक्कल तोंडाने करायची नाही, असं ठरलं. लिहून करण्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. पुढचा पेशंट बँकेतला होता. "या ना, बसा ना! केक? खाता का? अय्या, हरकत नाही हं, माणूस आहे, होतं असं!" बाईंनी सगळे दात दाखवत त्याला दारापर्यंत पोचवलं. तो तर खूश होऊन, पुढच्या वेळी बायकोलाही आणतो म्हणाला.

पुन्हा फिरकलाच नाही. मी पैज हरले. बाई म्हणाल्या, "आणि हा पेशंट गेला ना, तो तुझ्या नावावर."